बिनतारखेची पावती

...अवो, काम मागणं सोपं आहे! काम मागितलं होतं हे दाखवणं म्हणजे मेलेल्या माणसानं स्वतःच उठून मेल्याचा दाखला आणण्यासारखं. आता आमच्या सत्यशीलाबाईचंच पाहा ना. शिकली चौथी, पण तोंड वकिलाचं. तेंदूपत्ता संपला, धानाच्या रोवण्याले अजून दीड महिना, घरी तांदळाच्या डब्यात हात घातला तं बूड लागे. कायदा काय म्हणते? रोजगार हमीचं काम मागा, पंधरा दिवसांत नाई भेटलं तं सोळाव्या दिवसापासून बेरोजगार भत्ता. पण पंधरा दिवस मोजाचे कुठून? काम मागितल्याच्या पावतीवरच्या तारखेपासून! अन् आमचा रोजगार सेवक रोशन, दोन लेकरांचा बाप, मोठा गोड माणूस, पावती देते, सही देते, चहा पण पाजते... तारीख तेवढी टाकत नाई!

"काऊन गा रोशन? तारीख टाक!"

"काकू, पेन संपला."

दुसऱ्या दिवशी बाई पेन घेऊन गेली. तारीख टाक! "काकू, साहेबाले विचारून टाकतो." तिसऱ्या दिवशी, तारीख टाक! "काकू, तारखेत काय ठेवलं? सारे दिवस सारखेच."

सारखेच! ये म्हणा एक दिवस काकूच्या घरी जेवाले!

मंग बाईनं धरणं मांडलं. आमी सतरा बायका, ग्रामपंचायतीच्या आवारात, लिंबाखाली. पहिल्याच दिवशी बाईची तंबी, "हे पाहा, आपण बेरोजगार आहो. तसं दिसलं पायजे. कोणी हात हालवाचा नाई!"

हात हालवाचा नाई! तुमी बसले काहो कधी, दहापासून पाचपर्यंत, मांडीवर हात ठेवून? आमाले तं दुसऱ्याच्या घरी पाहुण्या म्हणून गेलो तरी बी जमत नाई, त्यायची भाजी निवडतो! दुपार होत नाई तं सुगंधाबाईनं ओच्यातून मोहाच्या बिया काढल्या, टकटक फोडणं सुरू. "हे काम नाई वो बाई, चाळा आहे!" दुसऱ्या दिवशी दिव्यानी सिंदीचे झाडू बांधून राह्यली. अन् सत्यशीलाबाई ओरडून राह्यली, "ठेवा खाली, ठेवा!"... ओरडता ओरडता तिचं ध्यान आवाराकडे गेलं. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन फेकलेल्या पन्न्या, कमरेएवढं गाजरगवत, तुंबलेली नाली. "आता बसाच्या जागी एवढी घाण? आण वो तो झाडू इकडे!"

झालं! गाजरगवत गेलं, नाली वाहाले लागली, पाण्याच्या टाकीभोवती दगड लागले, अन् नारा चालूच, झाडूच्या तालावर, "पावती द्या, तारीख टाका!" रोशन रोज मोबाईलवर फोटो काढे. बाई खूश. "काढ बापा, पुरावा होते. तारीख येते ना त्याच्यावर?"

"येते ना काकू. आपोआप."

आपोआप! बाईनं पदर सारखा केला, झाडूसकट ताठ उभी राह्यली.

सोळाव्या दिवशी तालुक्याचे साहेब आले. फिरले, नालीत वाकून पाह्यलं, वा वा केलं. सत्यशीलाबाई त्यायच्या वाटेत आडवी झाली. "साहेब, पंधरा दिवस झाले. भत्ता द्या."

"भत्ता कशाचा, बाई? हे फोटो बघा. रोज दहा ते पाच काम करताय तुम्ही. बेरोजगार कशा?"

"बरं, मंग मजुरी द्या!"

"मजुरी कशी देणार? हे काम मंजूरच नव्हतं."

घ्या! बेरोजगार बी नाई, मजूर बी नाई... मंग आमी होतो कोण? ते बी साहेबानंच सांगितलं. सतरा जणींच्या हाती एकेक कागद देल्ला, टाळ्या वाजवल्या, गाडीत बसले, गेले. बाईनं अक्षराखाली बोट ठेवून ठेवून वाचलं, 'विनामोबदला श्रमदान केल्याबद्दल'. खाली सही. जांभळा शिक्का, ठसठशीत. अन् तारीख? तारखा तीन होत्या बाई! कधीपासून, कधीपर्यंत, अन् कागद देल्ल्याची.