भाकर मोडायच्या आधी

करिंथच्या झऱ्यावरची रांग काही सरकत नव्हती, आणि घागर घेऊन रांगेत उभ्या असलेल्या मेलिताला तेच हवं होतं, कारण पुढच्या दोघींचं बोलणं रंगात आलं होतं. एक रंगाऱ्याकडची दासी ख्रेस्ते, कोपरापर्यंत निळी. दुसरी अम्मिया, जिच्या मालकिणीच्या घरी ख्रिस्ताची मंडळी जेवायला जमत.

"ताई, या रविवारी, प्रभूच्या दिवशी, मी जेवायला नाही येणार," ख्रेस्ते म्हणाली.

"का गं? तुझ्यावाचून कसं जेवायचं?"

"मागच्या खेपेला जेवलात की. मी काम उरकून पोचले, तर भाकर संपलेली, द्राक्षारस संपलेला, आणि अर्धे बंधू लोडाला टेकून घोरत होते."

"तुझ्यासाठी ऑलिव्ह ठेवले होते मी."

"बिया होत्या त्या, ताई."

"मालकाला सांग, लवकर सोडा म्हणून."

"सांगते. पालखीतूनच पाठवेल तो."

"एका जेवणासाठी एवढा राग?"

"उपाशी मी रोजच झोपते गं. पण एका भाकरीतले आपण सगळे, असं गाता ना तिथे? मग मलाच कसे विसरता?"

अम्मियाने घागर दुसऱ्या कमरेवर घेतली.

"ऐक. भाकर मोडल्याशिवाय कुणी घास घेत नाही. आणि भाकर भाजतं कोण?"

"तू."

"मग पीठ परातीतच राहील. तू उंबऱ्यात दिसलीस की भट्टीत घालीन."

"मालकीण फाडून खाईल तुला."

"खाईल. भुकेली असेल ना."

"मग मी धावत येईन, ताई."

"धावतेस कशाला? सावकाश ये. बसू देत वाट बघत."