शमीजच्या बदल्यात डबा

हॅलो? … हां, बोला हेमाताई… पोचलात ना काल घरी नीट? … नाही, गडबडीतच आहे. ओवीला शाळेसाठी तयार करतेय, रिक्षा येईल इतक्यात… हो, अजून! नऊ वर्षांची झाली, तरी अजून.

अहो, मी नाही घालत, तीच घालते. कपाटावर चित्रं लावलीत ना, ती बघून एकेक… हो, तीच. तुम्हाला ‘बालवाडी’ वाटली होती ती. आधी चड्डी, मग शमीज, मग युनिफॉर्म. शेवटी मोजे, उलटे… उलटेच! शिवण टोचते तिला बोटांना… नाटक? बरं. नाटक.

एक मिनिट हं… ओवी, शमीज घे बाळा. खालच्या कप्प्यात… नाहीये? … हेमाताई, थांबा जरा, हिच्या शमीजा सापडत नाहीयेत. घड्या करून ठेवल्या होत्या मी…

काय? … ओट्यावर? हो, बघितला स्टीलचा डबा. मला वाटलं तुम्ही विसरलात… माझ्यासाठी? कशाला उगाच… फुकट? फुकट कसा?

… भांडीवाली आली होती. बरं. जुने कपडे दिलेत. कोणते?

हेमाताई, कोणते?

… सगळ्या?

अहो, विरलेल्याच लागतात तिला! धुऊन धुऊन मऊ केल्या होत्या, लेबलं काढली होती… लाड नाहीत हे, ऑटिझम आहे तिला, किती वेळा सांगू? शमीज नाही तर युनिफॉर्म नाही, युनिफॉर्म नाही तर शाळा नाही. दिवाळीपासून शिकवतेय मी. परवा पहिल्यांदा तिने स्वतःच्या हाताने डोक्यातून घातली, मी रडले, तुमच्यासमोर रडले! तुम्ही विचारलंत, चहात साखर घातलीस का.

… पोतेरं? माझ्या मुलीच्या अंगावरचं पोतेरं. आणि डबा मात्र चकचकीत… नाही, आवाज चढवत नाहीये. किळस आलीय मला.

… नवीन आणलीय? लेसवाली? नायलॉनची? … वा! तुम्हीच घालून बसा एकदा भर उन्हात.

नाही, ऐका… अहो, ऐका ना! ओवी घरातच होती ना तेव्हा? … मग? काय केलं तिने? … ओरडली. त्या बाईची टोपली धरून ठेवली. आणि तुम्ही? … मोबाइल दिलात हातात. धन्य आहे तुमची! … काय? दोन धपाटे? हे परत बोलायचं नाही. माझ्या घरात तर नाहीच नाही… सांगा ना केदारला, खुशाल सांगा. भाऊ तुमचा आहे, मुलगी माझी आहे.

थांबा… ओवी? … अगं, दार कुणी उघडलं? ओवी!

…

… आहे, आहे मी. सापडली. जिन्यात उभी आहे. टॉवेल गुंडाळलाय आणि हातात तुमचा डबा… खेळत नाहीये हो. वाट बघतेय. … कुणाची काय? भांडीवालीची! डबा द्यायचा, शमीज घ्यायची. काल तुम्ही जे केलंत ते नीट बघून ठेवलंय तिने. तिला काही कळत नाही म्हणत होतात ना?

… रडत नाहीये मी.

कुठे बसते ती बाई? … आठवा, हेमाताई… तांबट आळीच्या तोंडाशी? सकाळी असते? … गेली शाळा आजची. केदारचं जुनं बनियन देते उलटं करून, चाललं तर चाललं… डबा? तोच घेऊन चाललोय आम्ही.

… कशाला? … नाही, ओवीला नाही देत फोन. ती कामात आहे.

ठेवते.