पुत्रंजीव म्हणजे काय, ऐका तरी!

...आणि वर लोक मलाच म्हणतात, 'आजी, झाड आहे ते, झाडासारखं बघा!' अहो, बघतेच आहे की! माझ्या खिडकीसमोर दुसरं आहे काय? वर्षानुवर्षं बघितलं, नाव मात्र ठाऊक नव्हतं, आणि परवा कुणीतरी खोडावर पाटी लावून गेलं... 'पुत्रंजीव'! आता असलं नाव वाचून गप्प बसणारी मी नव्हे. शाळा माझी चौथीतच सुटली, पण वाचायची खोड काही सुटली नाही. गेले वाचनालयात, जाडजूड कोश मांडीवर घेतला, भिंग लावलं आणि शोधलंच! पूर्वीच्या आया म्हणे याच्या टणक बिया ओवून पोराच्या गळ्यात घालायच्या, का? तर पोर जगावं म्हणून! झाडाचं नाव कसलं, आयांचा धावा आहे हो तो! एवढं मोठं घबाड हाती लागलं... पण मी सांगायचं कुणाला?

जिन्यात शेजारीण भेटली. 'अय्या, हो का? बरं, येते हं, गॅस चालू आहे माझा!' हिचा गॅस मी दिसले की चालू असतो! डॉक्टरांकडे विषय काढला, तर म्हणाले, 'जीभ दाखवा.' दाखवली! आता जीभ बाहेर काढून कुणाला बोलता येतं का? मग सांगायचं कुणाला?

म्हटलं, पुत्रालाच सांगू! तो समुद्रापलीकडे. झाडाखालच्या बिया वेचल्या, घासल्या, दाभणाने भोकं पाडताना बोट फोडून घेतलं, माळ ओवली, कुरियरने धाडली. तुम्हाला सांगते, फोन वाजलेला ऐकू यावा म्हणून आंघोळसुद्धा दार उघडं टाकून केली! आला एकदाचा. 'आई, पार्सल मिळालं गं, पण माळ डोक्यातून जातच नाही! मनगटात घालायची असते का?'

जाईल कशी? ओवताना माप कुठलं घेतलं मी? हाताला आठवत होतं तेवढंच! शाळेत जाताना शर्टाचं वरचं बटण लावून द्यायची ना, ती मान! आणि आता ह्याला हनुवटीखाली दुसरी हनुवटी, डोक्यावर टक्कल, रोज रक्तदाबाची गोळी...

म्हटलं, 'अरे, नावाचा अर्थ तरी ऐक!'

'बघितला गं, फोनवर. मुलं जगावीत म्हणून, ना? मस्त आहे! ठेवू? मीटिंग आहे.'

माझी एवढी खटपट, ह्याने जांभई द्यायच्या आत उरकली! आता कुणाला सांगायचं हा प्रश्नच मिटला, सांगायलाच काही उरलं नाही...

पण माझा स्वभाव! पुन्हा वाचनालय गाठलं. म्हटलं, पोराला जगवणारं झाड आहे, तर आईला जगवणारंही एखादं असेलच की! अख्खा कोश पालथा घातला. नाही हो... एकसुद्धा नाही! आईसाठीही झाड लागेल, असं कुणाला वाटलंच नसावं. ती काय, जगतेच आपली!