चारशे बारा जणांनी वाचलं

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. आधी एक सवाल. एखादी गोष्ट सांगितली, असं कधी म्हणायचं? आपल्या तोंडातून निघाली तेव्हा, की समोरच्याच्या कानात शिरली तेव्हा?

मागचे काका मान हलवून मोकळे झाले. काका, थांबा. बोरखेडच्या लोकांनीही अशीच मान हलवली होती.

बोरखेड नदीकाठचं गाव. सुधारलेलं. पूर्वी गावात रेडिओ एक होता आणि तो ऐकायला साठ माणसं जमायची. आता साठ माणसांत शंभर फोन आहेत आणि जमत कुणीच नाही. याला विकास म्हणतात – मी नाही म्हणत, पंचायतीच्या अहवालात लिहिलंय.

या गावचा कोतवाल दगडू. वय साठीच्या पुढे. काम दवंडीचं. हलगी वाजवायची, आळी-आळीत निरोप ओरडायचा. पण बापानं त्याला एक नियम शिकवला होता: हलगी वाजली म्हणजे दवंडी झाली नाही. पलीकडून कुणी 'ऐकलं रं' म्हणालं, की त्या आळीची दवंडी झाली. तोवर पुढं सरकायचं नाही. मग पंचायतीनं फोनवर ग्रुप काढला, 'आपलं बोरखेड'. हलगी खुंटीला गेली आणि दगडू कचेरीत पाण्याचे माठ भरू लागला.

आता नदीत चला. पावसाळा सरून पाणी आटलं की भोई मंडळी पात्रातल्या वाळूत कलिंगडं लावतात. दोन बारीक धारांच्या मधल्या उंचवट्यावर सोनाई भोईची वाडी. झोपडीत तिची आंधळी सासू, ठकूबाई. नवरा यशवंता कलिंगडं घेऊन तालुक्याच्या बाजारात, आणि घरातला एकुलता एक फोन यशवंताच्या खिशात. लक्षात ठेवा.

सकाळी नऊ. धरणावरून संदेश आला: 'नदीपात्रात बाराशे क्युसेक विसर्ग सुरू. नागरिकांनी सतर्क राहावे.' ग्रामसेवकानं मिनिटात ग्रुपवर टाकला. एवढ्या तत्परतेनं तर कचेरीत चहाही येत नाही. दहापर्यंत चारशे बारा जणांनी वाचलं. शहाण्णव जणांनी हात जोडले. कुणाला, ते कळलं नाही. एकानं गुलाबाचं फूल टाकून शुभ सकाळ म्हटलं.

बाजारात यशवंतानंही वाचलं. व्यापाऱ्याला विचारलं, "शेट, बाराशे क्युसेक म्हंजे किती?"

"पेपरात रोज येतं रे तसलं. माल उतरव."

यशवंतानं फोन खिशात घातला. म्हणाला, गावात एवढी माणसं, कुणीतरी सांगितलंच असंल. आणि गावात प्रत्येक जण तेच म्हणाला. चारशे बारा माणसं, विचार एक. बोरखेडात असं एकमत त्याआधी कधी झालं नव्हतं.

साडेदहा. दगडू माठ भरत होता. ग्रामसेवक फोनवर कुणाला तरी क्युसेक समजावत होते. दगडूनं घागर खाली ठेवली.

"भाऊसाहेब, पाणी हितं कधी पोचंल?"

"बारापर्यंत."

"मग भोयाच्या वाडीवर कोण गेलंय?"

"ग्रुपवर टाकलंय ना."

"सोनाई हाय का ग्रुपवर?"

भाऊसाहेबांनी बोटानं यादी वर-खाली केली. "यशवंता आहे."

"त्यो बाजारात हाय."

"मग त्यानं घरी फोन करावा."

"कुणाच्या फोनवर?"

भाऊसाहेबांनी फोन खाली ठेवला. भाऊसाहेब म्हणाले, "भोंगा लावतो." पण वीज सकाळपासून नव्हती.

दगडूनं खुंटीवरची हलगी काढली. कचेरी ते वाडीसमोरचा काठ, एक कोस. गुडघे साठीचे. काठावर पोचला तेव्हा सव्वाअकरा झाले होते. दूर वाळूत सोनाई वाकलेली, ठिपक्याएवढी. दगडूनं हलगी धरली – दोन जड, एक हलका. पाण्याची दवंडी. पण वारा समोरून. आवाज जातोय आणि परत येतोय. सोनाईनं मान वर केली, पाहिलं, पुन्हा वाकली. पलीकडून 'ऐकलं' नाही.

एवढ्यात मोटारसायकलीवर दोन तरुण आले. फोन काढून चित्रण सुरू. एक म्हणाला, "दगडूनाना, वाजवलीत ना? झालं की. या वर."

"तिकडनं 'ऐकलं' आलं का?"

"नाही."

"मग न्हाई झालं." आणि म्हातारा वाळूत उतरला.

वरच्या अंगाला बगळ्यांचा थवा एकदम उठला. अलीकडची धार, जी सकाळी घोट्याएवढी होती, ती गढूळ झाली. पालापाचोळा आला. कुणाची तरी चप्पल वाहत आली. दगडू धारेत उभा, पाणी पोटरीला, हात मात्र थांबेना. दोन जड, एक हलका.

झोपडीतून ठकूबाई म्हणाली, "सोने, हलगी वाजतीया."

"लग्नाची असंल, आत्ती."

"लग्नाची न्हवं. पाण्याची हाय. मी आंधळी हाय, भयरी न्हाई. वेल सोड, ऊठ." आणि म्हातारीनं दारात येऊन तोंडाशी हात धरला. "ऐकलं रं, दगडू."

झाली दवंडी. आता माणसं काढायची होती.

दगडू पोचला. ठकूबाईला पाठीवर घेतलं, हलगी सोनाईच्या डोक्यावर. परतताना धार कमरेला लागली. पाय सरकला. पाठीवरून म्हातारी म्हणते, "नीट धर, मी काय कलिंगड न्हाई, फुटून गोड निघायला." काठावरच्या त्या दोघांनी तेव्हा कुठे फोन खिशात टाकले आणि पाण्यात उतरून हात दिला. चौघांच्या हातांनी म्हातारी वर आली.

बाराला दहा कमी असताना वाडी बुडाली. चार महिने वाढवलेली कलिंगडं एकामागं एक वाहत गेली, हिरवी डोकी पाण्यावर काढून. सोनाई बघत उभी राहिली. धापा टाकत ग्रामसेवक पोचले.

ती म्हणाली, "भाऊसाहेब, सकाळी सांगितलं असतं तर निम्मा माल तरी काढला असता."

"अगं, टाकलं होतं की."

"कुठं?"

मंडळी, एका शब्दाचा प्रश्न. भाऊसाहेबांनी फोन पुढं करून ग्रुप दाखवला.

दुपारी ग्रुपवर आलं: 'दोन्ही महिला सुखरूप. कोतवालांचे अभिनंदन.' चारशे बारा जणांनी वाचलं. दगडूला कळलं नाही. तो ग्रुपवर नाही.

आता तुमच्याकडे येतो. हसलात, छान. पण जाताना मोजा – तुमच्या घरात, तुमच्या आळीत, असं कोण आहे की ज्याला तुम्ही 'सांगितलंय', आणि त्याच्यापर्यंत पोचलेलं नाही? तुमची वाळू कुठं आहे, तिथं कोण वाकलंय?

विचारलं मी. उत्तर घरी द्या. इथं मला एवढंच हवंय – तो खांबाजवळचा शेवटचा माणूस, हो, तुम्हीच. ऐकलं का?

मान नका हलवू. तोंडानं म्हणा. तोवर मी इथून हलत नाही.