फळीवरचे नारळ

मंडळी, जेवण नसताना हा हॉल एवढा भरलेला मी पहिल्यांदाच पाहतोय. एरवी माझी जीभ कुणाला सोडत नाही. आज तीच जड झाली आहे. आपल्या लेआउटमधलं पाळणाघर चालवणारी इंदूमावशी गेली. मंगळवारी सकाळी, मुलांचं दूध तापवताना. यावर काय बोलायचं?

पण बोललं पाहिजे. कारण या सभेत मुलं धावताहेत आणि त्यांच्या आया ओशाळून त्यांना गप्प करताहेत. ताईंनो, ओशाळू नका. मुलं जिच्याकडे ठेवून यायची, तीच आज फोटोत आहे.

इथे तुरीचं वावर होतं तेव्हा मावशी मौद्याहून आली. मग वावराचे प्लॉट पडून लेआउट झाला, मग फ्लॅटच्या स्कीम उभ्या राहिल्या. त्यांत काय नाही? गाड्यांना जागा, चालायला ट्रॅक, कुत्र्यांना कोपरा. नव्या स्कीमचा फलक पाहून मावशीनं मला विचारलं होतं, "काहून गा भाऊ, एवढ्या घराइत लेकरं होणारच नाही काय?" मी हसलो होतो. नकाशा काढणाऱ्यांना मात्र खरंच तसं वाटलं असावं.

लेकरं झाली. मावशीच्या दोन खोल्यांत आली. खोल्या दोनच राहिल्या.

मावशी काही संत नव्हती हं. मूल न्यायला उशीर झाला की दारातच सोलून काढायची. माझ्या बायकोला एकदा म्हणाली, "काहून वं, ऑफिसात होती का माहेरी गेली होती?" तरी दुसऱ्या दिवशी आमचं पोर तिच्याच दारात. जाणार कुठे?

आणि आपली रीत तर तुम्हाला ठाऊकच आहे. डोहाळजेवण झालं की ओटीतला नारळ घेऊन बाई थेट मावशीकडे. नारळ फळीवर चढला की जागा पक्की. बाळाचं नाव ठरायच्या आधी पाळणाघर ठरायचं! जगात कुठे असं होतं? आपण याचं कौतुक केलं. मंडळी, हे कौतुकाचं होतं की काळजीचं?

मागच्या महिन्यात डॉक्टर तिला म्हणाले, भरती व्हा. ती मला म्हणाली, "मी भरती झाली तं या लेकराइले कोण पाहीन?" मी म्हणालो, बघू काहीतरी. 'बघू' या शब्दाची किंमत तिला ठाऊक होती.

कारण हाच शब्द तिनं याच हॉलमध्ये ऐकला होता. आपल्या सभेत ती उभी राहिली होती. "हॉल दिवसभर कुलपात राह्यते. मले दिवसा द्या, संध्याकाळी झाडून परत देतो. एक बाईही ठेवतो मदतीले." आपले अध्यक्ष ढोबळेसाहेब म्हणाले, "मावशी, फरशी नवी आहे. मुलं घाण करतील." मावशी म्हणाली, "साहेब, तुमचे पाहुणे येते तं खरकटं सांडते, पान थुकते. माये लेकरं तं नुसती सू करते." सगळे हसले. तुम्ही हसलात, मीही हसलो. आणि ठरलं काय? पुढच्या सभेत बघू.

मंडळी, ही ती पुढची सभा.

तिसऱ्या रांगेत पल्लवी बसली आहे, मांडीवर लेकराला, मिठूला, घेऊन. पल्लवी दवाखान्यात नर्स आहे. सोमवारी तिची सकाळपाळी आहे. चार ठिकाणी विचारून झालं. कुठेच जागा नाही. सोमवारी मिठू कुठे राहील? सांगा कुणीतरी. नाही तर पल्लवीची नोकरी सुटेल आणि आपण हळहळू. ते आपल्याला छान जमतं.

फोटोपुढचे हे नारळ पाहा. तुम्हाला वाटलं असेल, कुणी श्रद्धेनं आणले. नाही. हे मावशीच्या फळीवरचे आहेत. हे ज्यांचे आहेत ती लेकरं अजून जन्मलीही नाहीत. त्यांच्या आया इथेच बसल्या आहेत.

ढोबळेसाहेब, हॉलची चावी तुमच्या खिशात असते. ती या नारळांशेजारी ठेवा, एवढंच मागतो. मावशीनं मागितली तेव्हा आपण हसलो होतो. आज कुणी हसू नये.

आता उभे राहू या. मोठ्यांनी गप्प राहायचं. मुलांना कुणी दटावू नका. मावशीच्या घरात शांतता कधी नव्हतीच, आणि सोमवारी हा आवाज कुठे असेल, ते आपल्याला ऐकत ऐकतच ठरवायचं आहे.

मावशी, राम राम.