आईची बाज अजून वर होती

माझी झोपेतली बडबड कुणाला सांगू नको, असं आईनं बजावलंय. पण तुम्हाला सांगते गं. दुष्काळात पहाटेच विहिरीवर नंबर लागायचे. आमच्या आळीचं घड्याळ म्हणजे सप्तर्षी. त्यातल्या चौकोनाला आई बाज, म्हणजे खाट, म्हणते. बाज लिंबामागे उतरली की उठायचं. एकदा सगळ्या आळीबरोबर दिवसभर खडी फोडून आई मेल्यासारखी झोपली होती.

"आई, बाज उतरली."

डोळे न उघडताच ती म्हणाली, "ती बाज न्हाई."

"गुरुजींनी दाखवलीय, तीच हाय."

"गुरुजींची उतरली आसंल. माजी अजून वर हाय."

नंबर हुकला तर दिवसभर पाणी नाही, म्हणून घागर घेऊन मीच पळाले. बघते तर विहिरीवर कुणीच नाही, सगळे अजून झोपलेले! सगळ्या आळीची बाज त्या दिवशी वरच होती. आईला मात्र विहीर मोकळी होती हे मी अजून... आले गं आई!