घरची पंगत शेवटी

अध्यक्षमहाराज भिमाजीराव, आजचे सत्कारमूर्ती डॉक्टर उद्धवराव बेहेरे, व्यासपीठावर बसलेले आरोग्य मंडळाचे ज्येष्ठ सभासद, चिंचवड, रहाटणी, रावेत आणि आसपासच्या वाड्यांवरून आलेली वडीलधारी मंडळी, माताभगिनींनो, आणि दाराजवळच्या ओळीत बसलेले माझे खास मित्रहो,

खास मित्र म्हणजे कोण, हे बाहेरगावच्या पाहुण्यांना सांगायला हवं. ही डॉक्टरांची जुनी रुग्णमंडळी. मंडळाच्या प्रत्येक सभेत दाराजवळची एक ओळ त्यांच्यासाठी राखून ठेवायची, ज्याला उठून बाहेर जावंसं वाटेल त्यानं खुशाल जावं आणि वक्त्यानं राग मानू नये, अशी आपली पद्धत आहे. मी मारुतराव भोंडवे, इथल्या मराठी शाळेचा हेडमास्तर. पंचवीस वर्षांत वर्गातून न विचारता उठणाऱ्याला मी कधी सोडलं नाही. ती शिस्त या ओळीनं माझ्याकडून मोडून घेतली.

गेली चार वर्षं मी मंडळाचा चिटणीसही आहे. अध्यक्षांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. मास्तराच्या हाती दहा मिनिटं देणं म्हणजे काय, हे अध्यक्ष जाणतात, कारण तेही माझ्या बाकावर बसलेले आहेत. तरी मी आटोपतं घेईन.

डॉक्टर पहिल्यांदा आपल्याकडे आले तो रविवार मला चांगला आठवतो. अध्यक्षांनी गोदामाच्या बाजूच्या खोल्या चुना देऊन दिल्या होत्या. पुण्याहून लघवीच्या विकारांचे मोठे सर्जन पंधरवड्यातून एकदा येणार, अशी दवंडी आम्ही तीन गावांत पिटली. आणि झालं काय? चाळीस माणसं आली, आणि चाळिसांचंही डोकं दुखत होतं! एकानं म्हणून कमरेखालची तक्रार सांगितली नाही. सांगणार कशी? कंपाउंडर ओळखीचा, चिटणीस पोरांचा मास्तर, आणि बाहेर बाकावर व्याही बसलेले.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी प्रत्येक म्हाताऱ्याला एवढंच विचारलं, "आजोबा, कीर्तनाला जाता का? मग कीर्तनातून किती वेळा उठता?" झालं, सगळे बोलू लागले. कुणी म्हणालं, पूर्वरंगात दोनदा. कुणी म्हणालं, मी आता जातच नाही. एकानं तर सांगितलं, "आमी बुवाच बदलला, ह्यो लई लांबवितो." त्या एका प्रश्नावर डॉक्टरांनी निम्म्या गावाची दुखणी ओळखली.

मग आम्हाला कळलं की आपल्याकडे केवढं दुखणं मुकाट पडून होतं. रहाटणीच्या कौशल्याबाई आठ वर्षं उजव्या कुशीला हात लावून वावरत होत्या, कुळथाचं कढण पीत होत्या. डॉक्टरांनी पुण्याला नेऊन एक्स-रे फोटो काढला, मूत्रपिंडातून चिंचोक्याएवढा खडा काढला. तो खडा बाईंनी कुंकवाच्या करंड्यात ठेवलाय आणि आल्यागेल्याला दाखवतात. समोरच बसल्यात, हसताहेत. बाई, हसा. हसण्यासारखं माझ्यापाशी यापुढे फार नाही.

उतारवयातल्या पुरुषांचं दुखणं मात्र निराळं. लघवीच्या पिशवीच्या तोंडाशी प्रॉस्टेट नावाची एक लहानशी गाठ प्रत्येक पुरुषाला असते. वयानुसार ती फुगते आणि वाट आवळते. धार बारीक होते, पिशवी कधीच पुरती रिकामी होत नाही, आणि एके दिवशी सगळंच अडतं. आपण काय करायचो? ओटीपोटावर पळसाची फुलं शिजवून बांधायची, ऊन पाण्यात बसवायचं, आणि देवावर सोडायचं. पिशवी तुंबली की मूत्रपिंडं नासतात आणि नको ते विष रक्तात चढतं, हे आपल्या आधीच्या पिढीला कुणी सांगितलंच नव्हतं. किती जण म्हातारपणानं गेले असं आपण म्हणत आलो, ते खरोखर कशानं गेले असतील?

डॉक्टरांची रीत दोन टप्प्यांची. आधी बेंबीखाली लहान छेद घेऊन पिशवीत रबरी नळी बसवायची, तिचं टोक कमरेच्या बाटलीत. मूत्रपिंडांना काही आठवडे विसावा मिळतो. रक्त तपासायला पुण्याला पाठवायचं, आणि त्यातल्या युरियाचा, म्हणजे त्या विषाचा, आकडा उतरला की दुसरी शस्त्रक्रिया करून गाठ काढायची, नळी काढायची. माणूस मोकळा! बाटली ठेवायला आमच्या वहिनींनी, यशोदाबाईंनी, खणाच्या पिशव्या शिवून दिल्या. आमचे सायकलवाले मीरासाहेब यांनी स्पोक वाकवून असा आकडा तयार केला की बाटली धोतराआड कुठं लटकते ते कळूही नये. डॉक्टर म्हणाले, असा आकडा विलायतेतही पाहिला नाही. तेव्हापासून मीरासाहेबांच्या दुकानात पंक्चर काढून घ्यायला गेलेल्या माणसाला आधी ती गोष्ट ऐकावी लागते.

आता डॉक्टर दूर उत्तरेला मोठ्या हुद्द्यावर चालले आहेत. त्यांना जाऊ नका म्हणण्याचा आपल्याला काय अधिकार? त्यांनी एकच शब्द दिला होता, "नळी लावलेल्या एकालाही तसाच टाकून मी जाणार नाही." त्या शब्दासाठी त्यांनी जाणं महिनाभर पुढं ढकललं. बारा जणांना नळी लागली होती. त्यातले अकरा आज नळीवाचून आहेत.

बारावा राहिला. आणि म्हणून परवा मंडळाची माणसं आमंत्रण घेऊन गेली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "शाल नको. एक माणूस माझ्या हातून राहिला. सत्कार कसला घेऊ?"

सभ्य गृहस्थहो, यासाठीच मी आज बोलायला उभा राहिलो. तो माणूस डॉक्टरांच्या हातून राहिलेला नाही. तो माझ्या हातून राहिला.

यादीत त्याचं नाव ज्योतीराम रामजी, रावेत, एवढंच आहे. आडनाव मी लिहिलं नाही. दाराजवळच्या ओळीत, खांबाशी टेकून, तांबडं पागोटं घालून बसलाय तो. तो माझा सख्खा थोरला भाऊ. दादा, उठू नकोस. बस. ऐकून घे.

डॉक्टर, तो माझा भाऊ आहे हे तुम्हाला आज कळतंय. चार वर्षं मी तुम्हाला ते कळू दिलं नाही. चिटणिसानं घरच्या माणसाचा वशिला लावला असं कुणी म्हणू नये, एवढी मला माझ्या नावाची काळजी.

कार्तिकात पुण्याहून एकाच दिवशी रक्ततपासणीच्या दोन चिठ्ठ्या आल्या. नळी मीरासाहेबांनाही लागली होती; त्यांचा युरियाचा आकडा उतरला होता, दादाचाही उतरला होता. पंधरवड्याला एकच मोठी शस्त्रक्रिया व्हायची. क्रम लावणं माझं काम. डॉक्टरांनी दादाच्या चिठ्ठीवर तांबड्या पेन्सिलीनं एक शब्द लिहिला होता, "लवकर." दादा फार उशिरा आला होता, त्याची मूत्रपिंडं आधीच थकली होती, आकडा किती दिवस खाली राहील याचा भरवसा नव्हता. हे त्या एका शब्दात होतं. मला वाचता येतं. मी शाळामास्तर आहे.

मी मीरासाहेबांचं नाव आधी घातलं.

मीरासाहेब, तुम्ही मान खाली घालू नका. तुमचा यात काडीचाही दोष नाही. त्या रविवारी डॉक्टरांनी मला विचारलं, "मास्तर, ते रावेतचे लवकरचे होते ना?" मी म्हटलं, "त्यांना घरी अडचण आहे, पुढच्या खेपेला येतो म्हणाले." दादाला कसलीही अडचण नव्हती. तो आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, बैलगाडी जुंपून बोलावण्याची वाट पाहत होता.

संध्याकाळी मी रावेतला गेलो आणि त्याला सांगितलं की तुझं नाव मागं ठेवलंय. तांबड्या शब्दाचं बोललो नाही. तुम्हाला ठाऊक आहे, पंचक्रोशीतल्या प्रत्येक गावजेवणाची पंगत दादानं वाढली आहे. तीस वर्षं हातात वरणाची बादली. तो म्हणाला, "बरं केलंस मारुती. आपून यजमान. घरची पंगत शेवटीच बसती. आदी पावन्यांचं हूं दे." आणि त्यानं बैल सोडले.

मला त्या वेळी अभिमान वाटला हो! आपला भाऊ किती मोठ्या मनाचा, आणि आपणही त्याला शोभेसे, असं मनात म्हणत मी नदीच्या कडेनं घरी आलो. त्या अभिमानाची आज मला किळस येते. भाताची पंगत शेवटी बसली तर भात निवतो, दुसरं काही होत नाही. एवढी साधी गोष्ट दोन भावांपैकी एकाच्याही डोक्यात आली नाही, आणि त्यातला एक तर शिकलेला होता.

पुढची खेप यायला चार दिवस होते तेव्हा दादाला हुडहुडी भरली. लघवीत पू झाला, ताप चढला, आकडा दुपटीवर गेला. डॉक्टरांनी पुण्याहून मध्येच तीन फेऱ्या केल्या, इंजेक्शनं दिली. ताप उतरला, आकडा उतरला नाही. पौष गेला, माघ गेला. डॉक्टरांनी त्याला पुण्याच्या आपल्या दोन सहकाऱ्यांना दाखवलं. तिघांचं मत एकच पडलं. आता टेबलावर घेतला तर टेबलावरच जाईल. नळी राहील, जितके दिवस राहायचे तितके दिवस. हे डॉक्टरांनी त्याला स्वतः, खाटेवर शेजारी बसून सांगितलं. दादा म्हणाला, "तुमी लई केलंसा डाक्टर." मी उशाशी उभा होतो.

मीरासाहेब दर शुक्रवारी नमाजानंतर सायकलवरून रावेतला जातात आणि दादाच्या बाटल्या उकळून देतात. एकदा ते म्हणाले, "ज्योतीरामभाऊ, तुमच्या आधी मी गेलो, याचं मनाला लागून राहतं." दादा त्यांना हसला. म्हणाला, "मग काय पानावरनं उठवायचं व्हतं का तुमास्नी?" माझा भाऊ अजूनही असाच बोलतो. आता बोलताना त्याला धाप लागते, सारखं मळमळतं. वहिनी दिवस मोजत नाहीत, पण त्यांनी नव्या पिशव्या शिवणं थांबवलंय.

हे मी चारचौघांत का सांगावं? समारंभाचा रसभंग होतो, हे मला कळतं. अध्यक्षमहाराज दोनदा घड्याळाकडे पाहून चुकले आहेत. पण डॉक्टर उद्या दुपारच्या गाडीनं जाणार, ते एक माणूस राहिल्याचं ओझं घेऊन. ते ओझं त्यांचं नाही. डॉक्टर, ती शाल तुम्ही घ्या. तुमच्या हातून कुणीही राहिलेला नाही.

तुमच्या जागी कोण येणार, हे मला विचारू नका. मंडळानं चार सर्जनांना पत्रं लिहिली. चारही उत्तरं फार नम्र होती. पिंपरीकडे कारखाने उभे राहताहेत, माणसं वाढताहेत, आणखी दहा वर्षांत इथं मोठं रुग्णालय होईल असं अध्यक्ष म्हणतात. होवो. पण पुढच्या रविवारी तुंबलेलं पोट धरून जो म्हातारा पायरीवर येऊन बसेल, त्याला मी काय सांगू? पळसाची फुलं बांध म्हणून सांगू? मला खरोखरच कळत नाही. चिटणीसपदाचा राजीनामा मी अध्यक्षांकडे सकाळीच दिला आहे. त्यानं कुणाचंही काही बरं होणार नाही, हेही मला ठाऊक आहे.

दादा, तुझ्या चिठ्ठीवर "लवकर" लिहिलं होतं. मी ते वाचलं होतं. हे तुला माझ्याकडून कळायला हवं होतं, आणि घरात सांगायची छाती झाली नाही म्हणून भरल्या सभेत सांगतोय.

आता आभार. अध्यक्षमहाराजांनी जागा दिली, वेळ दिला, आणि मला मध्येच बसवलं नाही, त्यांचे आभार. डॉक्टरांचे आभार मानायला माझ्यापाशी शब्द नाहीत. मंडप घालणाऱ्यांचे, चुलीपाशी राबणाऱ्यांचे, लांबून चालत आलेल्या सर्वांचे मंडळाच्या वतीनं आभार. बोलण्यात काही उणंदुणं, कुणाचं नाव राहिलं, कुणाला लागलं असेल, तर सभेनं उदारपणे विसरून जावं. यादीत जे चुकलं ते मात्र विसरा असं मी म्हणत नाही. ते मागायला मला तोंड नाही.

एक शेवटची विनंती. शाळेच्या पटांगणात पानं मांडली आहेत. पहिल्या पंगतीत डॉक्टरांच्या शेजारचं पान दादाचं आहे. तो म्हणेल, आमी मागनं बसतो. त्याचं ऐकू नका. डॉक्टरांनी त्याचं मीठ आणि डाळ बंद केली आहे, म्हणून त्या पानावर नुसता भात आणि साखर वाढली आहे. तेही त्याला जाणार नाही. तरी त्याला बसवा, आणि तो उठेपर्यंत कुणी उठू नका.

दादा, ऊठ. तुझं पान वाढलंय.